एकशेवीस खुणा

माझी थोरली वहिनी इमारतींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढते. मध्यंतरी तिच्याकडे एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीचं काम होतं. कपडे धुण्याची चाळीस मशिनं, आणि प्रत्येकामागे पाण्याची निळी, सांडपाण्याची काळी आणि विजेची लाल खूण. तिच्या साहेबांच्या हाताला चैन नाही, रोज नकाशातली मशिनं इकडची तिकडे. खुणा मात्र जागच्या जागीच राहायच्या. मग वहिनी एकशेवीस खुणा एकेक करून पुन्हा लावत बसायची.

शेवटी ती इरेला पेटली. चार महिने डोकेफोड करून तिने असं जमवलं, की मशीन जाईल तिथे त्याच्या खुणा आपोआप जातील.

साहेबांनी पाहिलं. "छान! पण नकाशा किती गिचमिड दिसतोय. खुणा लपवा आणि प्रिंट काढा."

"अहो साहेब, मग प्लंबरला कळणार कसं?"

"तो अनुभवी आहे."

पंधरा दिवसांनी त्या अनुभवी माणसाचा फोन आला. "ताई, पाण्याचा पाइप कुठे काढू? इथे नुसते चौकोन दिसतायत."

वहिनी तणतणत साइटवर गेली. दिवसभर गुडघे टेकून, रंगीत खडूंनी तिने जमिनीवर एकशेवीस खुणा काढल्या.

प्लंबर खूश झाला. "बघा, किती सोपं झालं! ताई, हे तुम्ही नकाशातच का नाही दाखवत?"