किल्ली सावेडीत, मोटरसायकल घाटात

इमामपूरच्या घाटात पुढच्या एसटीने अचानक ब्रेक मारला. मीही मारला. मागे हौद्यात काहीतरी करकरलं. केबिनच्या मागच्या काचेतून पाहिलं, तर मोटरसायकल डावीकडे कलली होती. मघापर्यंत काचेत दिसणारा तिचा उजवा आरसा आता आभाळाकडे वळला होता.

घाटात थांबायला जागा नव्हती. शनिवार होता, शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांची रांग मागे लागलेली. मी सायकलच्या वेगाने घाट उतरलो. मागचे हॉर्न वाजवत होते, ते वाजवू दिले. घाटाखालचं पांढरी पूल गाव आलं तेव्हा एका हॉटेलसमोर पिकअप बाजूला घेतली. इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ स्टिअरिंग धरूनच बसलो.

उतरून मागे गेलो. मोटरसायकलची टाकी आणि हौद्याच्या कडेचा लोखंडी हूक यांच्यात दोन बोटांचं अंतर उरलं होतं.

त्या दोन बोटांवर माझं बरंच काही अवलंबून होतं. ते आधी सांगायला हवं.

पिकअप आम्हा दोघा भावांची. थोरला अण्णा आणि मी. मी इतिहासात एम.ए. केलं आणि काही वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. तास कमी होत गेले तसा मी अण्णाच्या शेजारी केबिनमध्ये बसू लागलो. कामाची वाटणी आपोआप झाली. फोन, कागदपत्रं, गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे. माल बांधणं अण्णाकडे. मोटरसायकल तर तो मला हातही लावू द्यायचा नाही. मी केबिनमध्ये पुस्तक वाचत बसायचो आणि तो हौद्यात पट्टे आवळायचा. त्या वेळी मान वळवून नीट पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

अण्णा पौषात गेला. सकाळी, चहा पिता पिता. त्यानंतर तीन महिने पिकअप दारात उभी होती. राहुरीचे एक गृहस्थ ती विकत घ्यायला तयार होते. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि दर रविवारी मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी सांगतो."

नगरच्या सावेडीतले गॅरेजवाले रफिकभाई आम्हाला मोटरसायकलींची कामं द्यायचे. त्या शुक्रवारी त्यांचा फोन आला.

"प्रोफेसर, एक गाडी सोनईकडे टाकायची आहे. जमेल?"

"रफिकभाई, आता अण्णा नाही."

"मला माहीत नाही का? मी मातीला आलो होतो. मी तुम्हाला विचारतोय. ही नीट पोहोचली तर पुढची कामं तुमची. नाही जमणार म्हणालात तरी मला राग नाही, दुसरा माणूस बघीन."

मी हो म्हणालो. मनाशी ठरवलं की ही एक फेरी करून बघायची. गाडीला ओरखडा जरी आला तरी रविवारी राहुरीला होकार कळवायचा आणि हे प्रकरण संपवायचं.

गाडी होती निकम सरांची. सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. चोवीस वर्षांची मोटरसायकल, पण टाकीत तोंड पाहून घ्यावं अशी ठेवलेली. डोळ्यांनी दगा दिल्यावर डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. सरांनी ती पुतण्याला द्यायचं ठरवलं. पुतण्या संतोष शिंगणापूर आणि सोनईच्या मध्ये शेतात राहतो.

शनिवारी सकाळी सरांच्या सावेडीतल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन शेजाऱ्यांच्या मदतीने फळीवरून गाडी चढवली. इथपर्यंत सगळं ठीक झालं.

आता बांधण्याविषयी थोडं. मोटरसायकल पिकअपमध्ये स्टँडवर उभी करून नेत नाहीत. खड्ड्यात गाडी उसळली की सगळा भार स्टँडवर येतो. एक तर स्टँड वाकतो, नाहीतर गाडी त्यावरून उडी मारते. म्हणून पुढचं चाक केबिनच्या बाजूला टेकवून ती सरळ उभी करायची. हँडलच्या दोन्ही बाजूंनी दोन पट्टे खाली कोपऱ्यातल्या हुकांना घालायचे आणि पुढचे शॉकअप निम्मे दबेपर्यंत आवळायचे. दबलेली स्प्रिंग वर उठू पाहते, त्यामुळे पट्टे आपोआप ताणलेले राहतात. हे सगळं मला तोंडपाठ होतं. कुणी प्रश्नपत्रिका दिली असती तर मी पहिला आलो असतो.

मी केबिनमधून पट्टे घेऊन आलो तेव्हा सर हौद्यात चढून उभे होते. गाडीचं हँडल डावीकडे वळलेलं होतं.

"हँडल लॉक करून टाकलंय," सर म्हणाले. "आता हलायची नाही."

चोवीस वर्षं गाडी उभी केली की हँडल डावीकडे, लॉक, किल्ली खिशात. हात आपोआपच तिकडे गेला असणार. मी थोडा विचार केला. मला ते पटलं.

"बरोबर आहे सर. पुढचं चाक डुलणार नाही."

"तेच म्हणतो मी."

"किल्ली देता?"

"किल्ली माझ्याकडेच राहू द्या. तुम्ही वाटेत चहाला थांबाल, तेवढ्यात कुणी गाडी उतरवून नेली म्हणजे? मी सोमवारी एसटीने जाणारच आहे संतोषकडे. आणि टाकीला जपा. बाकी काही झालं तरी चालेल, टाकीला नको."

दोन शिकलेल्या माणसांचं असं एकमत झालं आणि मी वळलेल्या हँडललाच पट्टे आवळले.

हँडल वळलं की एका बाजूचा पट्टा आखूड पडतो, दुसऱ्या बाजूचा लांब. शॉकअप सरळ दबत नाहीत. सावेडीच्या रस्त्यावर हे कळत नाही. जेऊरपर्यंतही कळलं नाही. घाटात ब्रेक लागला, शॉकअप दबले, एक पट्टा ढिला पडला आणि दुसऱ्याने गाडी स्वतःकडे ओढून घेतली.

तर मी पांढरी पुलावर उभा होतो. खिशातून मोबाईल काढला आणि सवयीने बोट अण्णाच्या नंबरवर गेलं. तो मोबाईल आता वहिनी वापरतात. मी नंबर लावला नाही. निकम सरांना फोन केला.

"सर, गाडी कलली आहे. हँडल सरळ करावं लागेल. किल्ली लागेल."

"किल्ली सुरक्षित आहे. माझ्या खिशात आहे."

"ती इथे हवी होती, सर. मी परत येतो घ्यायला."

"मी दवाखान्यात आहे हो. डोळ्यांत औषध घातलंय, आता दुपारपर्यंत मला काही दिसणार नाही."

"घरी दुसरी किल्ली असेल ना?"

"आहे ना. बँकेच्या लॉकरमध्ये."

"लॉकरमध्ये?"

"आणि आज दुसरा शनिवार आहे." मग सरांनी विचारलं, "टाकी कशी आहे?"

"ठीक आहे," मी म्हणालो. दोन बोटांचं बोललो नाही.

हॉटेलवाला येऊन बघून गेला. हँडलला दोन्ही हातांनी झटका दिला की लॉक तुटतं, एका मिनिटाचं काम आहे, असं म्हणाला. मला ते नको होतं. ज्या माणसाने दुसरी किल्ली बँकेत ठेवली, त्याची गाडी लॉक तोडून पोहोचवायची म्हणजे न पोहोचवल्यासारखंच. मी पट्टे सोडले, पुन्हा आवळले. गाडी सरळ झाली, पण हाताने हलवली की परत डावीकडे. तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी हौद्यातच बसलो. राहुरीच्या गृहस्थांचा नंबर मोबाईलमध्ये होता. रविवारची वाट पाहायची तरी कशाला, असा विचार येऊन गेला.

"ओ भाऊ, सोनईला चाललाय का?"

खाली साठीची एक बाई उभी होती. हॉटेलच्या भिंतीला तिची चार पोती टेकलेली.

"तिकडेच, पण मागे जागा नाही, मावशी. मोटरसायकल आहे."

"सरकीची पेंड हाय, गाईंसाठी. सकाळपासनं बसलेय. जीपवाले निस्ते शनीचे भक्त भरत्यात. पोती बघितली की तोंड फिरवत्यात." ती टाचा उंचावून हौद्यात डोकावली. "जागा न्हाई कुठं? लई हाय की. आन ही तर पडाया झालीया."

"तेच बांधतोय."

"हिची मान का वाकडी?"

"लॉक आहे. किल्ली नगरला राहिली."

मावशी हसायला लागली. पदर तोंडाला लावून, पण आवाज यायचा तो आलाच. "आन नेताय कुनाच्यात?"

मी संतोषचं नाव सांगितलं.

"आरं, ते तर शिंगणापूरच्या शिवेवरचं घर! त्याच्या घराला दार न्हाई आन तुमी गाडीला कुलूप घालून निघाला व्हय?"

मला हसू आलं नाही. तिच्या ते ध्यानात आलं असावं. आवाज उतरवून तिने विचारलं, "पयल्यांदाच नेताय का?"

"एकट्याने पहिल्यांदाच. बांधायचं काम भाऊ करायचा. तीन महिन्यांपूर्वी गेला."

"थोरला का धाकटा?"

"थोरला."

ती चाकावर पाय देऊन वर चढली आणि मोटरसायकलभोवती फिरून आली, बाजारात बैल बघावा तशी.

"आमचं मालक घोडेगावच्या बाजारातनं जनावरं आनायचे. टेम्पोत बैल घातला तर मुंडकं न्हाई आवळायचे. मुंडकं आवळलं की त्ये झटकतंय, आन आंग आदळतंय. आंग अडवायचं. दोन्ही बाजूनं भुस्कटाची पोती लावायचे. हिचं मुंडकं सोडा तुमी. न्हाई तरी त्ये तुमच्या हातात कुठं हाय?"

मी हँडलकडे पाहत राहिलो. सकाळपासून मी हँडलशीच झगडत होतो, कारण मला पाठ होतं ते हँडलला बांधायचं. गाडीचं मुख्य अंग म्हणजे चेसी. हँडल वळतं, चेसी वळत नाही. चेसीला पुढे लेगगार्ड घट्ट बोल्ट केलेला होता, मागे कॅरिअर होतं. चार पट्टे त्या दोन ठिकाणांहून चार कोपऱ्यांना गेले तर हँडल कुठेही वळलेलं असो, काय फरक पडतो?

"मावशी, पोती किती किलोची?"

"पन्नासाची. का? आता जागा झाली व्हय?"

हॉटेलवाल्याने आणि मी पोती वर घेतली. दोन पोती पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, दोन मागच्या चाकाला. टाकी आणि हुकाच्या मध्ये माझी चादर घडी करून बांधली. पट्टे लेगगार्डला आणि कॅरिअरला. पेट्रोलचा कॉक सकाळी बंद करायचा राहिला होता, तोही बंद केला. मग मी खाली उभा राहून पिकअपच गदागदा हलवली. पिकअप हलली आणि मोटरसायकल तिच्याबरोबर हलली, वेगळी नाही.

"आता घाला जेवन हिला," मावशी म्हणाली. "पेंड हाय समोर."

मावशी माझ्या शेजारी केबिनमध्ये बसली. घोडेगाव आलं. तिथून शिंगणापूरच्या फाट्याला वळलो. रस्त्यात गाड्याच गाड्या, दहा वेळा ब्रेक लागला. दर वेळी मी मागे बघायचो आणि दर वेळी मावशी म्हणायची, "पुढं बघा." शेवटी तीच मागे तोंड करून बसली आणि मला खबर देत राहिली. "हाय. हाय. उभी हाय." तेवढ्यात तिने मला घरच्या तीन गाईंची नावं आणि एका सुनेच्या तक्रारी सांगितल्या. तीन महिन्यांत मी इतका वेळ कुणाचं बोलणं ऐकत बसलो नव्हतो.

संतोषच्या घराला खरंच दार नव्हतं. चौकटीला पडदा होता. त्याने आधी मोटरसायकल पाहिली, मग पोती, मग मावशी.

"काकूंना का बांधून आनलं?"

"मला न्हाई, मी हिला धरून आनलं," मावशी म्हणाली.

लॉक केलेली गाडी फळीवरून उतरवता येत नाही. ढकलली की ती गोल फिरते. मळ्यातली चार माणसं आली आणि पुढून-मागून धरून उचलून खाली ठेवली. मी चादर सोडून टाकीवर हात फिरवला, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने. काही नव्हतं. नुसतं माझं तोंड दिसत होतं.

संतोष म्हणाला, "किल्ली?"

"सोमवारी सर घेऊन येतायत."

"चुलत्यांना कुनी सांगावं! आमच्यात गाडीला किल्ली लावूनच ठेवत्यात. हरवत न्हाई."

मी सरांना फोन केला. पहिला प्रश्न टाकीचाच होता. "एकही ओरखडा नाही, सर," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला वेगळा वाटला. सर म्हणाले, "बरं झालं." मीही तेच म्हणालो.

मावशीला पोत्यांसह तिच्या वस्तीवर सोडलं. तिने गाईचं दूध दिलं, तांब्याभर. उभ्यानेच प्यालो. नगरकडे परतताना हौदा रिकामा होता, पट्टे खडखड वाजत होते, आणि घाट चढताना मी एकदाही मागे पाहिलं नाही.

रविवारी राहुरीचा फोन आला. पिकअप विकायची नाही, असं सांगितलं. मंगळवारी रफिकभाईंनी दोन मोटरसायकली दिल्या. त्यानंतरही देत आहेत.

हे काम करणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. गाडी चढवायच्या आधी किल्ली ताब्यात घ्यावी. गिऱ्हाईक शिकलेलं असेल तर दोनदा मागावी. आणि बांधणारा शिकलेला असेल, तर बाजूला उभ्या असलेल्या कुणाला तरी एकदा बघायला सांगावं.