साडू काम करत नाहीत, बसतात

धारपासून देवासपर्यंत दिवा घेऊन शोधलं, तरी आमच्या साडूंइतका कष्टाळू बेकार माणूस सापडणार नाही. माझ्या दुकानाचं शटर ते माझ्या आधी उघडत. धूळ झटकत, जुन्या पंख्यांची पाती पुसत, बिघडलेल्या मिक्सरचं पोट उघडून त्यात फुंकर मारत, एखादा कूलर विकूनसुद्धा टाकत, आणि मी पोचलो की दारातल्या वेताच्या खुर्चीत पाय लांब करून म्हणत, "या धाकटे. मी आपला बसून राहिलोय." दुपारी लोखंडी कपाट खांद्याने रेटून हातगाडीवर चढवलेलं असे, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असे, आणि एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काका, यहीं काम करते हो?" तर दुखावलेल्या आवाजात उत्तर येई, "नहीं भिया. बैठता हूँ."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. देवासला कारखान्यात कायम नोकरीला होते. 'कायम' हा शब्द आमच्या सासऱ्यांना मंत्रासारखा होता. मी त्या काळात सायकलच्या मागे पोतं बांधून गल्लोगल्ली रद्दी आणि मोडकं लोखंड विकत घेत फिरायचो. सासरी पंगत बसली की थोरल्या जावयांच्या पाटाभोवती रांगोळी, आणि मला "तुम्ही जरा तिकडे सरकता का?" श्रीखंड आधी त्यांना, माझ्यापर्यंत यायचं तोवर पातेल्याला चमचा घासल्याचा आवाज. सासरे पाहुण्यांना ओळख करून देत: "हे थोरले, कायम आहेत. आणि हे धाकटे, यांचंही चाललंय काहीतरी." आज धारमध्ये माझं दोन शटरचं दुकान आहे. मी कबाडी नाही, जुन्या मालाचा व्यापारी आहे, आणि कबाडी म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला अजून उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. पण या थोरल्यांनी आयुष्यात एकदा तरी मला 'शेठ' म्हणावं, ही इच्छा लग्नाच्या मांडवापासून माझ्या पोटात होती. ती पुरी झाली. कशी झाली, तेच सांगायचं आहे.

देवासच्या कारखान्यात पत्र्याच्या प्रेसने एके दिवशी त्यांचा उजवा हात धरला. हात वाचला, पण कोपर अर्ध्यावर अडकलं आणि पंजात दोनच बोटं कामाची राहिली. 'कायम' नोकरी बाकीच्या तीन बोटांबरोबर गेली. पुढे देवासच्या प्रत्येक ओटल्यावरून "हाथ कैसा है भिया?" अशी चौकशी व्हायला लागली, तिला कंटाळून नवरा-बायको धारला आली आणि आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहिली. मेव्हणी साड्यांना फॉल लावते, त्यावर घर चालतं. साडूंना डॉक्टरांच्या बोर्डाने पंचेचाळीस टक्के अपंग ठरवलं. चाळीस किंवा वर असलं की पेन्शन मिळते, तशी ती मिळू लागली.

पेन्शन म्हणजे, सांगायला सरकारला लाज वाटावी एवढी. पण ती जमा झाली की साडू धुतलेला सदरा घालून आमच्याकडे यायचे, हातात शेवेचा पुडा आणि जिलबी. त्या पुड्याच्या जोरावर पुढचा महिनाभर माझ्या घरी दुपारचं जेवायला मोकळे! वरून भाजीला मीठ कमी आहे हेही सांगायला मोकळे. "सरकार माझ्या हाताचं भाडं देऊन राहिलंय," ते म्हणत, "मी कुणाच्या उपकारात नाही." मी चारचौघांत, एकांतात, बायकोकरवी, मेव्हणीकरवी, सगळ्या वाटांनी त्यांना पगार देऊ केला. उत्तर एकच: "नोकरी लागली की पेन्शन कटते, धाकटे." कोण म्हणालं? तर, "सगळ्यांना पता आहे." मी स्वतः जाऊन विचारून आलो. एका खिडकीवरचा म्हणाला कटते, दुसऱ्या खिडकीवरचा म्हणाला पहिल्याला विचारा. खरं कारण मला ठाऊक होतं. रांगोळीच्या पाटावर बसलेला माणूस धाकट्या साडूच्या गल्ल्यातून पगार कसा घेईल?

यात माझं किती नुकसान होतं ते कुणी लक्षात घेत नाही. जो पगार घेत नाही त्याच्यावर ओरडता येत नाही. उशीर केला म्हणून कापायचं काय? आणि साडू म्हणून ओरडावं, तर ते थोरले. माझ्यासारख्या तापट माणसाला ही शिक्षाच होती. रोज कुणावर तरी ओरडल्याशिवाय मला जेवण पचत नाही. म्हणून मी हमालांवर ओरडायचो, आणि साडू खुर्चीतून म्हणायचे, "हळू, धाकटे. बीपी आहे तुम्हाला."

बगलेत फाईल असलेला कोणीही माणूस दुकानात शिरला की, हा पेन्शनच्या चौकशीलाच आला असं धरून, साडू हातातला पाना टाकून खुर्चीत कोसळत आणि चेहरा असा करत की पाहणाऱ्याने चपला काढून आत यावं. एकदा असाच एक फाईलवाला आला. साडू पंख्याच्या शिडीवर होते. तिथल्या तिथे वरच बसून राहिले, डोळे अर्धे मिटून. त्याने विचारलं, "ये ऊपर क्या कर रहे हैं?" मी म्हटलं, "बैठे हैं." तो विमा विकायला आला होता. जाताना मला हळूच सांगून गेला, यांचा विमा मात्र निघणार नाही.

त्या उजव्या हाताचा मान घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. थंडीत त्याला मफलर. झोपताना त्याला वेगळी उशी. सगळी कामं डाव्याने करायची, पण देवळात तीर्थ-प्रसाद घ्यायला मात्र उजवाच पुढे. निम्मं तीर्थ वाकड्या बोटांमधून सदऱ्यावर सांडायचं. मी म्हटलं, "डाव्याचा आधार तरी द्या खालून." तर म्हणाले, "त्याच्या हक्काचं आहे ते. त्यालाच घेऊ द्या."

आणि त्यांची सर्वांत मोठी खोड म्हणजे दुकानातल्या कुठल्याही वस्तूची निंदा त्यांना सहन होत नसे. पंप नसलेल्या कूलरबद्दल सांगायचे, "आवाज अजिबात नाही, भिया." मांडूच्या एका जेवणाच्या ढाब्यावाल्याला त्यांनी तीन पायांचं टेबल विकलं ते, भिंतीशी लावलं की जागा वाचते, असं पटवून. माझा धंदा नेमका उलटा. मी मूळचा घेणारा. समोर माल आला की माझ्या तोंडून आपोआप निघतं: गंज आहे, बॉडी गेली, यात काही उरलं नाही, उचलून न्यायचे पैसे तुम्हीच द्या मला. एकदा मनावर गावचा एक शेतकरी पाण्याची मोटर विकायला घेऊन आला. मी तिला शिव्या घालून घालून अर्ध्यावर आणली होती, तेवढ्यात साडू मागच्या बाजूने आले. त्यांना वाटलं, मोटर आपली आहे. "काय बोलताय धाकटे? कॉइल पाहा, अजून नव्यासारखी! अशी मोटर आता मिळते कुठे?" शेतकऱ्याने मोटर कवटाळली आणि भाव दुप्पट सांगितला. त्या दिवशी आमच्यात करार झाला: मी निंदा करत असलो, की थोरल्यांनी गप्प बसायचं.

पुढे त्यांच्या दाखल्याची मुदत संपली आणि हात पुन्हा तपासायला बोर्डाने बोलावलं. मेव्हणी मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बरोबर जा. यांना कमीपणा घेता येत नाही." पेन्शनवाचून चूल थांबणार नव्हती, पण तो शेवेचा पुडा थांबला असता, आणि पुडा थांबला की हा माणूस कुणाच्या दारात उभा राहणार नाही, हे तिला माहीत होतं.

बोर्डापुढे आमचा नंबर आला. हाडांचे डॉक्टर तरुण होते, स्वभावाने गोड. साडूंनी हात टेबलावर ठेवला. आता माझ्यापुढे टेबलावर कोणी जुनी वस्तू ठेवली, की मी जे करतो ते मी केलं. कोपरावर टिचकी मारली आणि म्हणालो, "साहब, इसमें कुछ नहीं बचा. जॉइंट जाम है, पंजा खाली है. ऊपर से हाथ दिखता है, अंदर से भंगार समझो. पहले पैंतालीस था, अब तो माल और पुराना हो गया, पचास कर दो."

डॉक्टर हसले. साडू हसले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. तीच लाली मी मोटरीच्या वेळी पाहिली होती.

"भंगार किसको बोला?" साडू उठले. "साहब, इनकी मत सुनो, इनकी तो आदत है. हाथ ओरिजिनल है. एक बार प्रेस में आया, बस. ये देखो." आणि डॉक्टर नको नको म्हणत असताना त्यांनी तपासणीचं लोखंडी स्टूल दोन बोटांच्या आकड्यात अडकवून छातीपर्यंत उचललं. नुसतं उचललं नाही, गिऱ्हाइकाला दाखवतात तसं डावीकडून उजवीकडे फिरवून दाखवलं. "बोलो! है कहीं आवाज?"

"वाह काका," डॉक्टर म्हणाले, "आपने तो बढ़िया रिकवरी की है." आणि मनापासून खूश होऊन त्यांनी पस्तीस लिहिले.

मी पुढे झालो. "साहब, बयालीस में कर लो." "ये सब्ज़ी मंडी है क्या?" "चलो, आपकी न मेरी, चालीस." डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाक मारली. आयुष्यात एवढ्या लवकर मी कधी हरलो नव्हतो.

बाहेर चहाच्या गाडीवर साडू क्षणभर फुलून उभे होते. "डॉक्टर कसा चकित झाला, पाहिलं?"

"थोरले, तो चकित झाला म्हणूनच तर पेन्शन गेली."

त्यांनी चहाचा ग्लास ठेवला. हाताकडे पाहिलं, जसं चारचौघांत जास्त बोलून गेलेल्या घरच्या माणसाकडे पाहावं. मग तो हळूच खिशात घातला. "तुम्ही त्याला भंगार म्हणायला नको होतं, धाकटे," एवढंच म्हणाले. मी काय चुकीचं बोललो होतो? त्यांच्या भल्यासाठीच भाव पाडत होतो!

दुसऱ्या दिवसापासून दुकानावर यायचे बंद. जेवायला तर नाहीच. बायको ताट झाकून पाठवायची, ते झाकलेलंच परत यायचं. साडू सकाळी पीथमपूरच्या शिफ्टच्या बसमध्ये चढत आणि एकेका कारखान्याच्या फाटकावर जाऊन सांगत, "सरकारने लिहून दिलंय, मी ठीक आहे." फाटकावरचा माणूस हाताकडे बघून म्हणे, "काका, इस हाथ से क्या करोगे?" सरकारच्या हिशेबाने धडधाकट, कारखान्याच्या हिशेबाने निकामी. दोन्हीकडच्या तराजूत तोच हात, आणि दोन्हीकडे तो त्यांच्या विरुद्धच भरला. मी इतकी वर्षं तराजू वापरतोय, पण असला तराजू माझ्याकडे असता तर आज माझं चार शटरचं दुकान असतं.

मग एका सकाळी ते दुकानासमोर उभे राहिले. उंबऱ्याबाहेर. खुर्ची रिकामी होती, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "नोकरी देता का?"

मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "जास्त होतो." मी म्हटलं, "मुळीच नाही." ते म्हणाले, "दीड हाताच्या माणसाला दोन हातांचा पगार कोण देतं? बाजारभाव बघा." मी वाढवला. त्यांनी उतरवला. मी आवाज चढवला, टेबलावर मूठ आपटली, शेजारचा चहावाला किटली घेऊन बघायला आला; मी जन्मात पहिल्यांदा भाव वर न्यायला भांडत होतो आणि समोरचा खाली यायला तयार, वर यायला नाही! शेवटी त्यांच्याच आकड्यावर मिटलं.

"ठीक आहे, शेठ," ते म्हणाले आणि चपला बाहेर काढून आत आले.

झालं. लग्नापासून अडून राहिलेलं ते एकदाचं माझ्या पदरात पडलं. आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. शेठ, हे कुठे ठेवू? शेठ, जरा लवकर जाऊ का? जेवणाचा डबा घरून आणतात, आणि मी जेवल्यावर मागच्या बाजूला स्टुलावर बसून उघडतात. कूलर विकताना एक शब्द फुशारकीचा नाही, "भाव शेठ सांगतील." आता पगार देतो, आता ओरडता येतं, परवा मुद्दाम ओरडून पाहिलं. "चुकलं, शेठ," म्हणाले. मला दुपारी जेवण गेलं नाही. बीपीचं विचारणारंही कुणी राहिलं नाही.

गेल्या आठवड्यात इंदूरचं एक जोडपं आलं. बाईंना दारातली वेताची खुर्ची आवडली. साडू बाजूला पाना घेऊन खाली बसले होते. बाईंनी त्यांना भाव विचारला, त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी खुर्चीकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, सुरू झालो. "मत लो, बहनजी. वाळवी आहे. वेत सडलाय. पाय बघा, हलतो. कोई बैठेगा तो सीधा ज़मीन पे. ये तो भंगार है, भंगार." एकेक शब्द मी मोठ्याने म्हणत होतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून खाली बघत होतो.

मग पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. साडूंचे कान लाल झाले होते.

"काय बोलून राहिले, धाकटे? वाळवी? अहो, पाय शिसवी आहेत! बहनजी, इनकी मत सुनो, इनकी तो आदत है. मैं इसपे बरसों बैठा हूँ, ये देखो," म्हणत ते दणकन खुर्चीत बसले, उजवा हात खुर्चीच्या हातावर टाकला आणि पाय लांब केले.

बाईंना शेवटी आमच्यापैकी कुणाचंच पटलं नसावं. जोडपं निघून गेलं. साडू मात्र बसूनच होते, वेताच्या गुणांबद्दल रिकाम्या दाराला काहीबाही सांगत. मी चटकन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. शेठचं तोंड दिसलं असतं, तर त्यांना उठायची आठवण झाली असती.