संपादकांनी लिहून दिलेलं नाव

आमच्या विभागप्रमुखांना सगळे संपादक म्हणायचे. वर्तमानपत्राशी त्यांचा संबंध वाचण्यापुरता, पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी त्यांचा अग्रलेख सुरू व्हायचा. युद्ध, निवडणूक, पेट्रोल, कुठे कोणता पूल पडला, कशावर त्यांचं मत नाही असं झालं नाही. विमा कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही आठ जण लोकांचे दावे तपासायचो आणि संपादक बसल्या जागी जग तपासायचे.

नोकरकपातीवर तर मत अगदी पक्कं. एखाद्या बड्या कंपनीनं हजारो माणसं काढल्याची बातमी आली, की चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "लिहून ठेवा, यातले निम्मे कामचुकार असणार. उगाच कोणी कोणाला काढत नाही. माणसानं स्वतःची जबाबदारी घ्यायला शिकावं." मी तावातावानं वाद घालायचो. खरं सांगायचं तर 'कामचुकार' म्हणताना त्यांची नजर माझ्यावरून सरकत जायची, म्हणून मला जास्त झोंबायचं. ऑफिसात माझं नाव 'सावकाश' पडलं होतं. का, ते सांगायला नको.

बोलायला कडक, पण मनानं हा माणूस अगदी मऊ. दर मार्चमध्ये त्यांच्याकडे एक फॉर्म यायचा. प्रत्येकाच्या कामाला शेरा द्यायचा आणि कोणा एकाला तरी सगळ्यात खालचा द्यायचाच, मग सगळे कितीही चांगले असोत. पहिल्या वर्षी संपादक दोन दिवस तो फॉर्म हातात धरून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला काही हे जमायचं नाही. आपण नंबर लावू."

खिडकीपासून दारापर्यंत, दर वर्षी एक खुर्ची. ज्याचा नंबर, त्याच्या नावापुढे 'असमाधानकारक'. त्या दिवशी त्याला संपादकांकडून चहा, आणि पुढची सात वर्षं निश्चिंती. आपण कंपनीला कसं गुंडाळलं म्हणून आम्ही स्वतःवरच खूश होतो. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं. माझाही नंबर तिसऱ्या वर्षी लागून गेला होता.

गेल्या वर्षी सातवा नंबर लागला तो टाचणीचा. टाचणी म्हणजे आमच्यातली सगळ्यात तरबेज बाई. दाव्यातली बदललेली तारीख, गिरवलेली सही तिच्या हातून कधी सुटली नाही. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा परगावी, तरी नऊच्या ठोक्याला खुर्चीत. तिच्या नावापुढे 'असमाधानकारक' लिहिताना आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली.

एप्रिलमध्ये आमच्याच कंपनीत कपात आली. प्रत्येक विभागातून एक, आणि तोही मार्चच्या फॉर्मवर सगळ्यात खाली असलेला. सोमवारी सकाळी टाचणीच्या टेबलावर पाकीट होतं. तिनं आतलं पत्र दोनदा वाचलं आणि संपादकांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, ते आपलं गमतीत होतं ना?"

संपादकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्या दुपारी डबा उघडला गेला नाही, पेपरची घडी मोडली नाही. ते खिडकी ते दार, दार ते खिडकी येरझारा घालत होते आणि ते बघून माझाही जीव थाऱ्यावर राहिना. शेवटी मी उठलो.

"साहेब, वर जा आणि खरं काय ते सांगून टाका. जबाबदारी, जबाबदारी म्हणता ना रोज? घ्या आता!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला माझं फार कौतुक वाटलं. दुसऱ्याच्या जिवावर शूर व्हायला आपलं काय जातं!

ते गेले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. "सांगितलं. नंबर लावल्याचं सगळं सांगितलं. वरच्या मॅडम म्हणाल्या, बाईंचं पाकीट परत घेऊ, पण माणूस एक कमी करायचाच आहे. खरा शेवटचा कोण, ते चारपर्यंत लिहून द्या."

एकेकानं फाइल पुढे ओढली. त्या दुपारी मी जितके दावे तपासले तितके एरवी आठवड्यातही तपासत नसे. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. चारला दहा कमी असताना संपादकांनी एका कागदावर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि निघाले. सव्वाचारला येऊन ते आपला खण रिकामा करायला लागले.

नाव त्यांनी स्वतःचं दिलं होतं. टाचणी ढसाढसा रडली. बाकीच्यांनी त्यांचे हात धरले, पण स्वतःचं नाव का दिलंत, असं कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांची पिशवी घेऊन मी फाटकापर्यंत गेलो. "साहेब, तुम्ही माझ्यासाठी एवढं..."

"तुझ्यासाठी कसलं बोडक्याचं? तुझंच नाव लिहिलं होतं मी."

मी थांबलो.

"लिफ्ट बंद होती. चार जिने चढायचे म्हणजे माणसाच्या डोक्यात नाही नाही ते येतं. फॉर्म भरले कोणी, सही कोणाची, वगैरे. वरच्या दाराशी तुझं खोडून माझं लिहिलं. लिफ्ट चालू असती, तर ही पिशवी तुझी असती."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"आणि अजून मला वाटतं, कामाचं म्हणशील तर तुझंच नाव बरोबर होतं." त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि रस्ता ओलांडला.

आता विभागप्रमुख टाचणी आहे. मी नऊला पोचतो, निदान सव्वानऊला तरी. डोकं खाली घालून काम करतो, तरी दर तासाला उठून पाणी पिऊन येतो, कारण बसवतच नाही. परवा मार्चचा फॉर्म तिच्या टेबलावर दिसला. खुर्च्यांच्या हिशेबानं आठव्याची, अगदी दाराजवळच्याची वेळ होती. मी पाण्याला जाता जाता सहज विचारल्यासारखं केलं.

"ताई, यंदा नंबर कोणाचा?"

तिनं मान वर केली नाही. "ज्याचा असेल त्याचा," ती म्हणाली आणि माझी फाइल पुढे ओढली.