टारफुल्याची गुलाबाई

डोईफोडिया गावच्या मनकर्णाकाकूला रिकामं बसलेलं माणूस बघवत नसे. दारात गप्पा मारायला आलेल्या बाईच्या मांडीवरही ती सोलायला शेंगांचं सूप ठेवायची. नवरा वारल्यावर ज्वारीचं एकच वावर तिच्या हाती राहिलं होतं आणि त्यावर दीर कौतिकभाऊंचा डोळा होता. त्या साली संस्थानं विलीन होत होती. भाऊंनाही वाटलं असावं, वहिनीचं वावर आपल्यात विलीन करून घ्यावं.

निमित्त आयतंच मिळालं. काकू तापाने पडली आणि निंदणी राहून गेली. उठून बघते तर डोक्याएवढ्या ज्वारीच्या बुडाशी टारफुला पांढरा फुललेला! हे मेलं तण ज्वारीच्या मुळातूनच रस पितं, आणि त्याचं बी गळलं की वावर वर्षानुवर्षं नासतं. एवढ्या उंच पिकात तण काढायचा बैलांचा डवरा चालत नाही. मजूर सगळे कपाशीत गुंतलेले.

"एकट्या बाईचं हे काम नाही, वहिनी," भाऊ बांधावरून म्हणाले. "कोजागिरीपावतर वावर साफ नाही झालं, त मले बटाईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन टाका."

"देईन," काकू म्हणाली. फार संतापली की ती एवढंच बोलायची.

भाद्रपद पौर्णिमेला आम्ही पोरी मातीची गुलाबाई बसवायचो. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी, आणि मग झाकलेला खाऊ ओळखायचा. त्या साली काकूने गुलाबाई आपल्याच ओसरीवर मागून घेतली.

"यंदा गुलाबाईले टारफुल्याचं फूल लागते," तिने सांगितलं. "मुळासगट. जी जास्त आणीन, तिनं खाऊ पहिले ओळखावा."

मग काय विचारता! गावच्या पोरी गाणी म्हणत ज्वारीत घुसल्या, आणि सगळ्यांत पुढे भाऊंच्याच दोघी लेकी. पात्यांनी माझे हात कापले, पण मी हटले नाही. खाऊपुढे मी कधीच हटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निर्माल्य नाल्यात सोडायला निघालो, तशी काकू धावत आली. टोपली हिसकावून तिने सगळं अंगणात पेटवलं.

"देवीचं निर्माल्य जाळता?" भाऊ कडाडले.

"मंग नाल्यात सोडू? बी वाहून जाईन. खालचं वावर तुमचंच हाय, भाऊजी."

दुसऱ्या दिवसापासून जाळायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या भाऊंच्याच घरून येऊ लागल्या.

कोजागिरीला भाऊंनी सगळं वावर वाकून वाकून पाहिलं. टारफुल्याचं एक फूल सापडेल तर शपथ! घाम पुसत ते ओसरीवर आले, तर काकूने झाकलेली ताटली पुढे सरकवली.

"ओळखा."

"पेढा? ... शहरातली, बुधवाऱ्यातली माव्याची जिलबी?" आम्ही खिदळत होतो. भाऊ हरले. काकूने झाकण काढलं. त्याच वावरातला, निखाऱ्यावर भाजलेला गरम हुरडा!

भाऊंनी मूठभर तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"अन् बटाईचं?" काकूने विचारलं.

"कायची बटाई?" भाऊ म्हणाले आणि ताटलीपुढे पुन्हा हात केला. "पुढल्या साली गुलाबाई माह्या वावराकडे बसवा, वहिनी."