पूर्णेकाठचे पिसाचे गळ

शेगावला गाडीतून उतरलेले बहुतेक सगळे दर्शनाच्या वाटेला लागले. काका आणि मी जळगाव जामोदच्या एस.टी.कडे वळलो.

पिसाच्या गळानं मासे धरण्यावर काकांनी इंग्रजीत दोन पुस्तकं लिहिली आहेत. गळाला पीस असं बांधायचं, की पाण्यावर पडताच माशाला तो किडा वाटावा. तिसरं पुस्तक पूर्णा नदीवर होतं. त्यातली चित्रं मी काढणार होते आणि आत माझं नाव येणार होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. चारचौघांत मराठी बोलायला कचरते. काकांना ती सोबत सोयीची वाटत असावी.

नदीच्या फाट्यावर उतरलो आणि काळ्या मातीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन भोयांच्या वस्तीत शिरले. या पट्ट्यात विहिरींचं पाणी खारं असतं. आम्हाला गुळाचा चहा मिळाला, तोही खारटच लागला. पोचल्यावर कळलं, जिचे गळ बघायला आलो होतो ती सुभद्राबाई आठ दिवसांपूर्वी वारली होती. दुसऱ्या दिवशी तिचं दहावं होतं.

तिचा नवरा, नामदेवबुवा, ओट्यावर बसले होते. काकांनी गळांची चौकशी केली.

"हायेत ना. उद्या पान्यात जातीन," बुवा म्हणाले.

"सगळे?"

"हाव. ज्या हातानं बांधले ते हात गेले, तं बांधलेलंही जाते. ठेवलं तं जीव घुटमयते तिचा."

काकांनी पुस्तकासाठी एकच मागितला. बुवांनी मान हलवली. "उन्ह हाय तवर पाहून घ्या. पोरीले चित्र काहाडू द्या."

सुनेनं, कमलनं, पानाचा डबा आणून उघडला. गळ जोडीनं ठेवले होते. सुभद्राबाई ते जोडीनंच बांधायची, एक नर, एक मादी. नराच्या मानेला लाल दोरा. मी दुपारभर चित्रं काढली. बुवा शेजारी येऊन बसले.

"मी रिकाम्या हातानं आलो का म्हने, मासा तुमच्याहून हुशार हाय, त्याच्यासंगच लगन कराले पायजे होतं." ते हसले, मग एक गळ उचलून बराच वेळ हातात धरून बसले.

"मामाजी, ठेवा तो," कमल म्हणाली. त्यांनी ठेवला.

संध्याकाळी शेजारणीनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून दिला. हात धुऊन मी आत आले तेव्हा काका डब्याचं झाकण लावत होते. मला पाहून त्यांनी दुसरा हात कोटाच्या खिशात घातला.

सकाळी सगळे नदीवर गेले. आमच्याकडे बायका जात नाहीत, इथे गेल्या. पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसले होते, खाली येईनात. बुवांनी हात जोडून बायकोला काय काय कबूल केलं. तिची शेळी विकणार नाही म्हणाले. तरी कावळा शिवेना. गळ सोडायला कमलनं डबा उघडला आणि थांबली.

"इथं मादी एकटीच हाय. मामाजी, नर कुठी हाय?"

"मले काय मालूम?"

"काल हातात धरून बसले होते ना तुमी. मन निंगत नसन तं सांगा. पन तिले काऊन अडकवता?"

बुवांनी सदरा झटकून दाखवला. एक म्हातारा पुटपुटला, "जितेपनी तिले पान्यात उभी ठेवली, आताही सोडत नाही बुढा."  बुवा स्वतःचेच खिसे पुन्हा चाचपू लागले.

"काका," मी म्हणाले, "तो तुमच्या कोटात आहे."

काका हसले. गळ काढून त्यांनी बुवांच्या हातावर ठेवला. "हरवू नये म्हणून ठेवला होता," असं काहीतरी म्हणाले. बुवांनी जोडी लावली आणि बाकीच्या गळांसोबत पाण्यात सोडली. पीस थोडं तरंगलं, भिजलं, बुडालं.

कावळा त्यानंतरही आला नाही. उन्हं चढली तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. परत येताना बुवा कमलला म्हणाले, "रागावूनच गेली ती." मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

शेगावपर्यंत काका माझ्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी चित्रांची वही मात्र मागून घेतली.

पुस्तक निघालं. चित्रं माझीच आहेत, नाव कुठेही नाही. त्यातलं एक पान सगळ्यांना फार आवडतं. वडील ते पाहुण्यांना वाचून दाखवतात. काका लिहितात, "शोकात बुडालेल्या म्हाताऱ्याच्या विनंतीवरून शेवटचा गळ मी स्वतःच्या हातानं पूर्णेत सोडला, आणि त्याच क्षणी कावळा पिंडाला शिवला."

नामदेवबुवा हे कधी वाचणार नाहीत. वाचणारे सगळे आमच्यासारखे, दिवाणखान्यातले. मला मराठी लिहायला वेळ लागतो, शब्द अडतात. तरी हे मराठीत लिहिलं आहे. त्या सकाळी कावळा आला नव्हता.