उघड्या गाडीत घेतलेली कानाची टेस्ट

गाडी थर्डमध्ये टाकली आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या चार वर्षांच्या ईश्वरीने उजव्या कानातलं मशीन उपटून माझ्या मांडीवर फेकलं. मग डाव्या कानातलं. ते गिअरच्या शेजारच्या फटीत जाऊन पडलं.

मी गाडी बाजूला घेतली. रविवारची सकाळ होती, नदीकाठचा रस्ता रिकामा होता, म्हणून मागून शिव्या आल्या नाहीत. फक्त फिरायला निघालेले एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "काय आजी, टप उडालं की विकलं?"

"धुवायला टाकलंय," मी म्हणाले आणि फटीत हात घालून मशीन शोधायला लागले.

ईश्वरी दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून बसली होती. तोंड कारलं खाल्ल्यासारखं. ते बघितलं आणि फटीतला माझा हात तिथेच राहिला. कारण मशीन लावूनही या मुलीला काही ऐकू येत नाही, असा रिपोर्ट मीच आदल्या दिवशी तयार केला होता. सोमवारी त्यावर आमच्या डॉक्टरांची सही होणार होती. सही झाली की मशीन बंद, आणि ईश्वरीची रवानगी मोठ्या हॉस्पिटलात, कानाच्या आत यंत्र बसवायच्या ऑपरेशनच्या तपासण्यांसाठी.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कानाची डॉक्टर नव्हे, कानाची परीक्षक. किती ऐकू येतं हे मोजायचं, त्याप्रमाणे मशीन लावायचं, आणि लावलेलं मशीन उपयोगी पडतंय का ते बघायचं. सदाशिव पेठेतल्या एका क्लिनिकमध्ये मी जन्म घालवला. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस जाते. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा आहे. मला मॅडम म्हणतो आणि माझ्या मताला मान देतो. म्हणजे ऐकून घेतो आणि स्वतःला हवं तेच करतो.

गाडीचंही सांगायला हवं. दोनच सीटची, बुटकी, टप नसलेली जुनी स्पोर्ट्स कार. निवृत्तीनंतर लोक चारधाम करतात, मी ही घेतली. विकणारे एक निवृत्त फौजी होते, त्यांना वाटलं मी नातवासाठी बघायला आलेय. नातवालाच पहिली चक्कर मारली हे खरं, पण गाडी माझ्यासाठीच होती. नंतर क्लिनिकमधली पोरं मागे लागली. मग मी नियम केला, टेस्ट नीट दिली की रविवारी चक्कर. सीटवर उंची वाढवणारी लहान मुलांची खुर्ची, त्यावरून पट्टा, आईवडलांची परवानगी आणि निघण्याआधी कानातली मशीनं काढून आईच्या हातात. हे शेवटचं महत्त्वाचं. मशीनला बारीक माइक असतो. त्यावर वारा आदळला की कानात नुसता गडगडाट होतो. टेबलावरच्या माइकमध्ये कुणी फू फू केल्यावर कसं होतं, तसं. पण तो टेबलावर नाही, डोक्याच्या आत.

ईश्वरीला टेस्ट जमली नव्हती, पण आता तिची रवानगी होणार म्हणून मी नियम मोडला. मग तिची मशीनं मी का काढली नव्हती?

विसरले नव्हते. आवश्यक वाटलं नव्हतं. हिला काय फरक पडतोय, असं माझ्या हातांनी माझ्याआधी ठरवून टाकलं होतं. हात असे परस्पर निर्णय घेतात. माणूस अनुभवी झाला की जास्तच घेतात.

मी डॉक्टरला फोन लावला.

"डॉक्टर, ईश्वरीचा रिपोर्ट थांबवा."

"मॅडम, आज रविवार आहे."

"कानाला रविवार नसतो. तिने मशीन काढून फेकलं."

"मुलं फेकतात."

"ही नाही फेकत. सहा महिने झाले, बांगड्या घालाव्यात तशी ती मशीनं घालून फिरते. कधी हात लावला नाही. आज वारा लागल्यावर फेकली."

"तुम्ही तिला त्या गाडीत बसवलंत?"

"बसवलं. पुढे बोला."

तो म्हणाला, "वारा चेहऱ्यालाही लागतो, मॅडम. कानाच्या कातडीलाही लागतो. तेवढ्याने ऐकू आलं असं नाही म्हणता येणार. बॅटरी काढून बघितलंत?"

मला फार राग आला. बरोबर बोलला की मला त्याचा येतो तसाच.

ईश्वरीची आई शीतल कोपऱ्यावर उभी होती. गाडी थांबलेली बघून धावतच आली. ती मांजरी गावची, घरची भाजीची शेती. दर खेपेला दोन बस बदलून पोरीला आणते.

"काय झालं मॅडम? पडली का?"

"नाही. मला आणखी तीन चकरा मारू दे हिला. का ते नंतर सांगते."

"मारा की. पण ती घाबरली हाय."

"मीही घाबरलेय," मी म्हणाले.

पहिली फेरी. फटीतलं सापडल्यावर दोन्ही मशीनं कानात, पण बॅटऱ्या माझ्या पर्समध्ये. बाहेरून काही कळत नाही. ईश्वरीने आधी कान धरून ठेवले होते. गाडी थर्डमध्ये गेली तसे तिने हळूच हात सोडले. मग दोन्ही हात हवेत उंच केले आणि दात दाखवून हसली. वारा तोच, चेहरा तोच, कातडी तीच.

दुसरी फेरी, बॅटऱ्या आत. थर्डमध्ये गेल्याबरोबर हात कानांवर. मी लगेच वेग उतरवला. पोरीला छळायला मी गाडी घेतलेली नाही.

तिसरी फेरी. उजवीकडे बॅटरी आहे, डावीकडे नाही. ईश्वरीने फक्त उजवं मशीन काढलं, माझ्याकडे रागाने बघितलं आणि ते माझ्या पर्समध्ये स्वतः टाकून दिलं.

मी गाडी शीतलपाशी नेली. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मग मी काय सांगत होते? कुकरची शिट्टी झाली की मान वळवती. मशीन लावलं त्या आठवड्यातच सांगितलं तुमाला."

सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं. आयांचं म्हणणं लिहून घ्यायला कागदावर एक रकाना असतो. तो भरला की आमचं काम झालं, असं आम्ही समजतो.

सोमवारी डॉक्टरने सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "गाडी ही टेस्ट नाही, मॅडम. बूथमध्ये दाखवा."

बूथ म्हणजे आवाजबंद खोली. मूल आत खुर्चीवर बसतं, काचेपलीकडून आम्ही स्पीकरमधून आवाज सोडतो. कधी ढोलासारखा जाड, कधी पैंजणासारखा बारीक, हळूहळू कमी करत. आवाज आला की मुलाने खुंटीवर एक रंगीत रिंग टाकायची. खेळच तो. आपण आवाज कमी करत जायचं आणि मूल कुठे थांबतं ते टिपायचं. ईश्वरीच्या बाबतीत सगळी पंचाईत इथेच होती. झोपेत डोक्याला तारा लावून करतात ती तपासणी सांगत होती की मशीन लावल्यावर हिला ऐकू यायला हवं. आणि बूथमध्ये ईश्वरी रिंग हातात घ्यायचीच नाही. मग डॉक्टरला शंका की कान त्या तपासणीनंतर आणखी उतरला, मशीन आता पुरत नाही. शंका वेडी नव्हती. ऑपरेशनही वाईट नव्हे, ज्यांना लागतं त्यांच्यासाठी ते वरदान आहे. पण चालणाऱ्या कानावर कुणी करावं?

त्या दिवशी डॉक्टर स्वतः काचेपाशी उभा राहिला. ईश्वरी आत गेली, खुर्चीवर बसली, शीतल मागे. मी आवाज सोडला. काही नाही. वाढवला. काही नाही. इतका वाढवला की काचेपलीकडे मलाही ऐकू आला. शीतलने डोळे मिटले. ईश्वरी एखाद्या मूर्तीसारखी बसलेली.

"मॅडम," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाला. तो हलका आवाज मला ओळखीचा आहे. आयांना वाईट बातमी देताना तो असाच बोलतो.

"थांबा," मी म्हणाले. कारण मी पहिल्यांदाच आवाजाच्या बटणाकडे न बघता पोरीकडे बघत होते. ईश्वरीने हाताची घडी घातली होती. एक बोट तोंडावर होतं.

हे तिने दर वेळी केलं होतं. मी दर वेळी बघितलं होतं आणि टेस्ट संपल्यावर शहाणी म्हणून तिचे गाल धरले होते.

मी बूथचं दार उघडलं. "शीतल, हिला असं बसायला कुणी शिकवलं?"

शीतल गोंधळली. "बाहेर चित्र हाय की. दर खेपेला दाखवते तिला. आत असं बसायचं, हलायचं न्हाय. शिस्तीत नको का बसायला, मॅडम? मोठे डॉक्टर असतात."

बाहेर चित्र होतं. वेटिंगच्या भिंतीवर, दारासमोर. एक गुटगुटीत मूल, हाताची घडी, तोंडावर बोट, खाली 'कृपया शांतता राखा'. ते चित्र मी काढलंय.

चोवीस वर्षांची होते. नवीन डिग्री, ॲप्रनला अशी कडक इस्त्री की बसताना आवाज व्हायचा. पहिल्याच महिन्यात मी वेटिंगमधल्या गोंगाटाविरुद्ध मोहीम काढली आणि रात्र जागून हे चित्र रंगवलं. कानाच्या क्लिनिकात, जिथे निम्म्या लोकांशी ओरडूनच बोलावं लागतं, तिथे शांतता! त्या चोवीस वर्षांच्या बाईला वाटायचं की ऑडिओलॉजिस्ट म्हणजे शांततेची हेडमास्तरीण. मूल टेस्टमध्ये हललं तर ही भुवई उचलायची. गप्प बसलं तर चॉकलेट. मला ती आज भेटली तर मी तिला गाडीत बसवीन, मशीन लावून, आणि टॉप गिअर टाकीन.

इतक्या वर्षांत त्या चित्राकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. पुण्यातल्या भिंतींवर इतक्या सूचना असतात की त्या वाचायच्या असतात हेच लोक विसरलेत. पण ईश्वरी जग डोळ्यांनी शिकत होती. चित्रात जे होतं ते तिने मनापासून पाळलं. आमच्या क्लिनिकमध्ये ती सूचना गंभीरपणे घेणारी ती एकटीच.

डॉक्टर म्हणाला, "आता तिला उलटं कसं सांगणार?"

तोंडी सांगण्यात अर्थ नव्हता. मी तिला उचलून बाहेर नेलं. डॉक्टरने खुर्चीवर चढून चित्र उतरवलं. मी ते तिच्यासमोर फाडलं. तिचे डोळे एवढाले झाले. मग मी माझं बोट माझ्या तोंडावर ठेवलं, जोरजोरात मान हलवली, बोट झटकून टाकलं आणि बोंब ठोकली. वेटिंगमधले एक काका आपल्या बायकोला म्हणाले, "मशीन यांनाच आधी लावायला हवं."

तेवढ्याने भागणार नव्हतं. बूथ म्हटला की गप्प, हे तिच्या अंगात भिनलं होतं. मग मी गाडीतली लहान मुलांची खुर्ची आणवली आणि बूथमधल्या खुर्चीवर ठेवली. ईश्वरीला त्यात बसवून पट्टा लावला. मी शेजारी. पँट्रीतली स्टीलची थाळी हातात, ते माझं स्टिअरिंग. डॉक्टर काचेपलीकडे बटणांवर. गाडीत बसलं की हात वर करून हसायचं असतं, हे ईश्वरीला माहीत होतं. गाडीत चित्र नव्हतं.

डॉक्टरने ढोलाचा आवाज सोडला. मी दोन्ही हात वर केले. माझा एक खांदा आखडलेला आहे, त्यामुळे एक हात वर आणि एक सलाम केल्यासारखा. ईश्वरी हसली, पण हलली नाही. पुन्हा आवाज. पुन्हा मी. तिने शीतलकडे बघितलं. शीतलनेही हात वर केले. तिचे डोळे पुसायचे राहिले होते.

पुढच्या आवाजाला मी हात खाली ठेवले. मुद्दाम. थाळी धरून समोर बघत बसले.

शेजारी दोन हात वर गेले.

काचेपलीकडे डॉक्टरने आवाज कमी केला. हात वर. आणखी कमी. हात वर. माणूस साधं बोलतो त्या पातळीपर्यंत आला, तरी हात वर. त्याने आवाज न सोडता वाट बघितली. हात खाली. फसवून बघत होता लबाड. ती फसली नाही. बारीक, पैंजणासारख्या आवाजांना मात्र हात खालीच राहिले. तिथे मशीन पुन्हा बसवावं लागलं, अजूनही खटपट चालू आहे. पण रिपोर्ट बदलला. डॉक्टरने जुना रद्द केला, नव्यावर सही केली आणि मला म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी आधी बॅटरी, मग फोन."

"पुढच्या वेळी आधी आई," मी म्हणाले.

बोलायला शिकणं लांबचा रस्ता आहे. ईश्वरी आता शब्द जुळवते, निम्मे मला कळतात, सगळे शीतलला कळतात. परवा शीतल तक्रार घेऊन आली.

"मॅडम, दिवसभर पातेल्यावर पळी हाणती. मशीन रात्रीसुद्धा काढू देत न्हाय. शेजारीण म्हणती, पोरगी गप होती तेच बरं होतं."

"शेजारणीला घेऊन ये," मी म्हणाले. "तिचे कान तपासते."

या धंद्यात मी एवढं शिकले. गप्प मुलाची आई आभार मानून जाते, आणि मशीन चालायला लागलेल्या मुलाची आई कुरकुरत येते. रिपोर्ट कुणाच्या चेहऱ्यावर वाचायचा, हे समजायला मला चाळीस वर्षं लागली. ते मला शिकवायला ईश्वरीला गाडीच्या तीन फेऱ्या पुरल्या.