सात फुटी मूळपुरुष

माझे सासरे ऑर्विल प्रिडी यांनी आयुष्यभर मैल्याच्या टाक्या उपसल्या. व्हर्जिनियातल्या आमच्या भागात प्रत्येक घराची टाकी अंगणात पुरलेली असते आणि ती नेमकी कुठे आहे हे घरमालकालाही ठाऊक नसतं. बाबा कपडे टांगायच्या दोन तारा काटकोनात वाकवून मुठीत धरत आणि गवतातून सावकाश चालत. तारा एकमेकींवर आल्या की म्हणत, "खणा." टाकी तिथेच असायची. ते कधीच चुकले नाहीत, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष तारांना देता येत नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच तारा पूर्वजांच्या मागे लावल्या. प्रिडींचा मूळपुरुष ओबाडाया, साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेला तंबाखूचा मळेवाला. बाबांनी कोर्टाची दप्तरं आणि चर्चच्या नोंदी उपसल्या. हा शब्दही त्यांचाच. ओबाडायाच्या तीन बायका सापडल्या, ढीगभर मुलं सापडली, शेजाऱ्याच्या डुकरावरून लढलेला खटला सापडला. कबर तेवढी सापडेना.

आणि कबर तर हवीच होती. दर ऑगस्टला सगळे प्रिडी बाबांच्या शेतावर जमतात. त्या वर्षी त्यांच्या थोरल्या बहिणीने, व्हर्ना आत्यांनी, फोनवर बजावलं, "ऑर्विल, पुढच्या वर्षीपासून मेळावा माझ्या मुलाकडे, रिचमंडला. तिथे एसी आहे. तुझ्याकडे काय आहे? गोचिड्या!"

मनातून मी आत्यांच्याच बाजूची. माझी टेसी लहान आहे, आणि गोचिडीच्या तापाबद्दल मी इतकं वाचलंय की गवत दिसलं तरी माझे पाय खाजतात. पण सासूबाई गेल्यापासून बाबा वर्षभर त्या एका दिवसासाठी जगतात.

"माझ्याकडे ओबाडायाची कबर आहे," बाबा फोनवर बोलून गेले.

नव्हती.

दुसऱ्या सकाळी ते तारा घेऊन निघाले, मागोमाग मी. जुन्या कबरींवर आमच्याकडे निळ्या फुलांची वेल लावतात. तशी वेल तंबाखू वाळवायच्या कोठारामागे चांगली माजली होती. तिथे तारा एकमेकींवर आल्या. बाबा पुढे चालत राहिले, तारा सुटेचनात.

"सात फूट, डेलिया! आणि रुंदी बघ!"

"बाबा, माणूस एवढा असतो?"

"त्या काळचं खाणंच वेगळं होतं."

"जरा खणून बघायचं का?"

"पूर्वजाला खणतात का? टाकी आहे ती?"

दगड घडवून आणला. त्यावर कोरलं होतं: 'ओबाडाया प्रिडी, आपणा सर्वांचा मूळपुरुष. या मातीत जन्मभर राबला, कधी कुरकुर केली नाही.'

मेळाव्याच्या दिवशी सगळे जमले. मेयॉनीजमधले बटाटे उन्हात तापत होते आणि मी त्यांच्यावर छत्री धरून उभी होते. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, बाबांनी दगडावरची चादर ओढली. व्हर्ना आत्यांनी चष्मा लावून दगड वाचला, मग वेलीकडे पाहिलं.

"ऑर्विल, हा ओबाडाया नाही. ही डचेस आहे."

"डचेस म्हणजे तिसरी बायको का?" माझ्या नवऱ्याने, वेडने, विचारलं.

"खेचर रे, गाढवा! आमच्या पपांचं. ती मेली तेव्हा हा पाळण्यात होता. ही वेल मी माझ्या हातांनी लावली."

पाद्रीबाबा हळूच खुर्चीत बसले.

"पण आत्या, खेचराला पोरं होत नाहीत," वेड म्हणाला. "आणि इथे तर मूळपुरुष लिहिलंय."

"या घराण्याचा हट्ट बघता मी खात्री देणार नाही."

सगळे पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. "ने तुझा मेळावा रिचमंडला."

आत्या दगड परत वाचत होत्या. "राबला म्हणे! ओबाडायाने कधी नांगराला हात तरी लावला होता का?"

"छे," बाबा टोपीखालून पुटपुटले. "राबले ते त्याचे गुलाम. ते ओढ्यापलीकडे कुठेतरी पुरलेत, बिनदगडाचे."

"मग आधी तिकडे जा की तारा घेऊन! ओबाडायाला काय घाई आहे?"

"जातो," बाबा म्हणाले. "आणि हा दगड फोडून टाकतो."

"खबरदार हात लावलास तर!" आत्या गुडघे धरत तिथेच वेलीत बसल्या. "मला पाठीवर बसवून शाळेत न्यायची ती. ती गेली तेव्हा मी दगड हवा म्हणून जेवले नव्हते. पपा म्हणाले, खेचराला कसला आलाय दगड? राहू दे हा. नाव तेवढं बदल. आणि 'राबली' कर."

"आणि मूळपुरुष?"

"राहू दे. शोभतंय."

बाबांनी टोपी जराशी वर केली. "मग रिचमंड?"

"डोकं फिरलंय का तुझं? डचेसला इथे टाकून मी रिचमंडला जाऊ?"

मी छत्री टेसीच्या हातात दिली, खाली वाकले आणि आत्यांच्या मोज्यावरून पहिली गोचीड काढली.